पांढऱ्या वाघाचा काढा

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते इतिहास म्हणून ऐका, घरी जाऊन काढा उकळायला घेऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून ही सूचना आवश्यक वाटते.

आता एक साधा प्रश्न. ‘ताप आला’ आणि ‘उष्णता झाली’ या दोन वाक्यांत फरक काय? मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. तोंड आलं, डोळ्यांची आग होते आहे, आंबे जास्त झाले, तर आपण म्हणतो उष्णता झाली, अंगात कडकी आहे. थर्मामीटर लावला तर पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढे सरकत नाही. उलट एखादा माणूस तापानं फणफणलेला असतो आणि वर दोन गोधड्या मागत असतो. म्हणजे शरीराचं तापमान ही एक गोष्ट आणि ‘उष्णता’ ही दुसरी गोष्ट. पहिली मोजता येते, दुसरी ओळखावी लागते. हा भेद मनाशी ठेवा. आज ज्या चिनी काढ्याबद्दल बोलायचं आहे त्याचा अठराशे वर्षांचा इतिहास या भेदाभोवतीच फिरतो.

काढ्याचं नाव ‘बाइहू तांग’. बाइ म्हणजे पांढरा, हू म्हणजे वाघ, तांग म्हणजे काढा. पांढऱ्या वाघाचा काढा. वाघाचा त्यात एक केसही नाही. घटक मोजून चार. पहिला ‘शिगाव’, म्हणजे जिप्समचा दगड. दुसरा ‘झीमू’ नावाच्या वनस्पतीचं जमिनीखालचं खोड, चवीला कडवट. तिसरा ज्येष्ठमध, आपल्याकडचा नव्हे पण त्याच कुळातलं भावंड. आणि चौथा घटक तांदूळ. हो, साधा भाताचा तांदूळ.

प्रमाण मूळ ग्रंथात दिलं आहे. जिप्सम एक जिन, झीमू सहा लियांग, भाजलेला ज्येष्ठमध दोन लियांग, तांदूळ सहा ग. हान काळातला एक जिन म्हणजे आजचे साधारण 220 ते 250 ग्रॅम. सोळा लियांग म्हणजे एक जिन. पाणी एक दोउ, म्हणजे सुमारे दोन लिटर. आणि किती वेळ उकळायचं? तर तांदूळ शिजेपर्यंत. आम्हाला हे वाक्य फार आवडतं. घड्याळ नाही, ‘अष्टमांश उरवा’ अशी मोजणी नाही. भात शिजला की काढा झाला. मग चोथा काढून टाकायचा आणि एकेक शंग, म्हणजे अंदाजे 200 मिलिलिटर, कोमट असताना दिवसातून तीनदा द्यायचा. आमच्या लहानपणी तापात आई तांदळाची पेज द्यायची, मीठ घालून. त्या पेजेत एक दगड आणि दोन मुळं टाका, की झाला पांढऱ्या वाघाचा काढा.

मग वाघ कुठून आला? चिनी विश्वकल्पनेत चार दिशांना चार प्राणी आहेत, जसे आपल्याकडे दिग्गज. पूर्वेला निळसर-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेला शेंदरी पक्षी, उत्तरेला कासव आणि त्याला वेढा घातलेला साप, आणि पश्चिमेला पांढरा वाघ. पश्चिम दिशेचा ऋतू शरद. तेव्हा वाघ हे इथे क्रौर्याचं चिन्ह नाही, ते ऋतुचक्रातलं एक पान आहे. उन्हाळा संपवणारा पहिला थंड वारा म्हणजे हा वाघ. ही नावाची परंपरागत फोड आहे आणि ती पटण्यासारखी आहे.

हा काढा ज्या ग्रंथात प्रथम सापडतो त्याचं नाव ‘शांगहान लुन’, म्हणजे थंडीच्या आघातानं होणाऱ्या रोगांची चर्चा. कर्ता झांग झोंगजिंग, आजच्या हनान प्रांतातल्या नानयांगचा. काळ साधारण इ.स. 150 ते 219, म्हणजे हान साम्राज्य मोडकळीला आलेलं, युद्धं, दुष्काळ आणि साथी. ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो आपल्या घरची कहाणी सांगतो. आमचं कूळ दोनशेहून अधिक माणसांचं होतं. जियान-आन शक सुरू झाल्यापासून, म्हणजे इ.स. 196 पासून, दहा वर्षंही झाली नाहीत तोवर त्यातले दोन-तृतीयांश लोक गेले. आणि गेलेल्यांत दहापैकी सात याच रोगानं गेले. प्रस्तावनेचा काही भाग मागाहून जोडलेला असावा असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण दीडशे माणसं डोळ्यांसमोर गेलेला माणूस ग्रंथ लिहितो तेव्हा त्याची भाषा कशी होते ते या ग्रंथात दिसतं. सिद्धान्ताचा फापटपसारा नाही. अमुक लक्षण, तमुक नाडी, हा काढा द्या. अमुक असेल तर देऊ नका. बस.

आणि आता गंमत बघा. पांढऱ्या वाघाचा काढा कोणाला द्यावा हे सांगणारं या ग्रंथातलं एक महत्त्वाचं सूत्र असं म्हणतं, की नाडी वर तरंगणारी आणि घसरती आहे, बाहेर उष्णता आहे, आत थंडी आहे, तर हा काढा द्यावा. आत थंडी? अहो, आतली उष्णता काढण्यासाठीच तर हा काढा! जिप्सम हे चिनी वैद्यकात अत्यंत शीत द्रव्य. आत थंडी असलेल्या माणसाला ते देणं म्हणजे काकडलेल्या माणसावर बर्फाचं पाणी ओतणं.

ही चूक आली कुठून? झोंगजिंगचा मूळ ग्रंथ त्याच्या मागे लवकरच विस्कटला. तिसऱ्या शतकात वांग शूह या राजवैद्यानं तुकडे जुळवले. पुढे कित्येक शतकं तो हस्तलिखितांतून, आणि वैद्यांच्या मुठीतून, फिरत राहिला. सातव्या शतकातला थोर वैद्य सुन सिमियाव तक्रार करतो, की यांगत्सेच्या दक्षिणेकडचे वैद्य झोंगजिंगचे योग दाबून ठेवतात, कोणाला देत नाहीत. (ही परंपरा आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असं नाही.) शेवटी सुंग राजवटीत, 1057 साली, वैद्यकग्रंथांची शुद्धी करण्यासाठी सरकारी कचेरी स्थापन झाली आणि 1065 साली ‘शांगहान लुन’ छापला गेला. त्या संपादकमंडळातला लिन यी या सूत्रापाशी थांबला. त्यानं टीप लिहिली. टिपेचा आशय असा: दुसरीकडे हाच ग्रंथ म्हणतो की उष्णता आत साठली आहे, आतबाहेर सगळीकडे आहे, तेव्हा हा काढा द्यावा; आणखी एके ठिकाणी म्हणतो की बाहेरचं दुखणं सुटलेलं नसेल तर हा काढा देऊ नये; तेव्हा या सूत्रात ‘आत’ आणि ‘बाहेर’ ही अक्षरं नक्कीच चुकली आहेत.

इतकं लिहून त्यानं काय केलं? मूळ वाक्याला हात लावला नाही. चूक आहे अशी खात्री असूनही मूळ तसंच छापलं आणि खाली टीप जोडली. आम्ही आयुष्यभर संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या वापरल्या आहेत. संपादकानं शहाणपणा करून पाठ ‘सुधारला’ आणि पुढच्या पिढ्यांना मूळ काय होतं ते कळेनासं झालं, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. म्हणून या लिन यीबद्दल आम्हाला आदर वाटतो. आणि त्यानं मूळ वाक्य राखल्यामुळे पुढे शेकडो वर्षं टीकाकार त्यावर भांडत राहिले. कोणी म्हणे अक्षरांची अदलाबदल झाली, कोणी म्हणे ‘थंडी’ म्हणजे थंडीमुळे आलेला रोग, तो आत जाऊन उष्ण झाला. हात गार पडलेत पण आत आग आहे, असा रोगी समोर असेल तर काय म्हणायचं, हा प्रश्न त्या भांडणातून नीट विचारला गेला.

पुढे वैद्यांनी या काढ्यासाठी चार खुणा ठरवल्या: मोठा ताप, मोठा घाम, मोठी तहान आणि पुराच्या लाटेसारखी नाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस वू जूतोंग (1758–1836) यानं उलट बाजूनं कुंपण घातलं. नाडी तारेसारखी ताणलेली आणि बारीक असेल तर देऊ नये. नाडी खोल बुडालेली असेल तर देऊ नये. तहान नसेल तर देऊ नये. घाम नसेल तर देऊ नये. त्याच्या मते हा काढा आडदांड आहे. नेमका बसला तर उन्हात काठी रोवताच सावली दिसावी तसा गुण येतो, चुकला तर अनर्थाला वेळ लागत नाही. या चार नकारांत तापाच्या अंशांचा उल्लेख कुठेही नाही.

आता 1793 सालात या. स्थळ पेकिंग, चियेनलुंग बादशहाची कारकीर्द. उन्हाळ्यात मोठी साथ आली. जी युन हा त्या काळचा बडा विद्वान, बादशहाच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाचा मुख्य संपादक. त्यानं आपल्या टिपणांत या साथीची हकीकत दिली आहे. प्रतिष्ठित पुस्तकांप्रमाणे औषध दिलं तर माणसं मरत होती. तेवढ्यात आन्हुइकडच्या एका वैद्यानं एका बड्या अधिकाऱ्याच्या घरातल्या बाईला जिप्सम दिलं. मात्रा इतकी, की पाहणारे घाबरले. बाई वाचली. मग बाकीच्यांनी कित्ता गिरवला. जी युन लिहितो, की एका वेळच्या काढ्यात आठ लियांगपर्यंत आणि एकाच रोग्याला एकूण चार जिनांपर्यंत जिप्सम दिलं गेलं. छिंग काळातला जिन हानपेक्षा मोठा, साधारण 600 ग्रॅमचा. म्हणजे जवळजवळ अडीच किलो दगड! त्याच साथीत यू लिन हा वैद्य नावाजला. त्याच्या काढ्यात पांढरा वाघ होताच, शिवाय उष्णता काढणारी आणखी बरीच द्रव्यं होती.

इथे रसायनशास्त्र मध्ये येतं आणि आमची थोडी पंचाईत करतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, सोबत पाण्याचे रेणू. ते पाण्यात अगदी थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. आणि उकळत्या पाण्यात जास्त नाही, उलट थोडं कमीच. मग झोंगजिंगच्या दोन लिटर पाण्यात पाव किलो जिप्सम टाका, विरघळणार चार-पाच ग्रॅम. उरलेला दगड चोथ्याबरोबर बाहेर. आठ लियांग टाका किंवा चार, तेवढ्याच शुद्ध पाण्यात उतरणारा अंश तोच. मग 1793 च्या वैद्यांना मोठ्या मात्रेनं गुण आला असं का वाटलं? याची उत्तरं दिली जातात. म्हणतात, शिजलेल्या तांदळाची पेज घट्ट असते, तिच्यात दगडाची बारीक पूड तरंगत राहते आणि पोटात जाते. म्हणतात, इतर वनस्पतींमुळे विरघळण्याचं प्रमाण बदलतं. शक्य आहे. पण हेही शक्य आहे की साथ ओसरत आली होती. जे वाचले त्यांची टिपणं झाली. जिप्सम घेऊन गेलेल्यांची कोण ठेवणार?

विसाव्या शतकाच्या आरंभी झांग शीछुन (1860–1933) हा जिप्समचा मोठा कैवारी. त्यानं पाश्चात्त्य औषधाशी भांडण केलं नाही. जिप्सम आणि ॲस्पिरिन एकत्र देण्याचा योगच काढला.

आता मुख्य प्रसंगाकडे. गाव शिजियाझुआंग, हबेइ प्रांत. मराठी माणसाला हे नाव एका कारणासाठी ठाऊक असायला हवं. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. ते 1942 साली हबेइतच गेले. त्यानंतर बारा वर्षांनी, 1954 साली, याच शहरात जपानी मेंदूज्वराची साथ पसरली. डासांमधून येणारा विषाणू. डुकरं आणि पाणपक्षी हे त्याचं घर, भातखाचरं ही डासांची पैदाशीची जागा. प्रामुख्यानं मुलांना होतो. ताप चढतो, झटके येतात, शुद्ध हरपते. विषाणूवर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. तिथल्या ग्वो कमिंग या पारंपरिक वैद्यानं पांढऱ्या वाघाच्या काढ्यावर आधारलेले उपचार केले, भरपूर जिप्सम वापरून. 1955 सालीही केले. सरकारी पथकं येऊन पाहून गेली. अहवाल उत्साहाचे होते. त्याच वर्षी डिसेंबरात पेकिंगमध्ये पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय अकादमी स्थापन झाली, त्या समारंभात या पथकाचा गौरव झाला.

साहजिकच 1956 च्या उन्हाळ्यात पेकिंगमध्येच मेंदूज्वर आला तेव्हा सगळ्यांनी शिजियाझुआंगचा पाठ उघडला. तोच रोग, तोच काढा. आणि काढा लागू पडेना. तेव्हा सिचुआनहून नुकतेच राजधानीत आलेले वृद्ध वैद्य पू फूझोउ यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, रोगाचं नाव एक असलं तरी उन्हाळा एक नाही. तिकडची उष्णता कोरडी होती. इथे पाऊस झाला आहे, दमट उष्णता आहे. दमटपणावर नुसतं शीत औषध टाकलं तर ते आतच कोंडतं. त्यांनी ओल काढणारी, सुगंधी द्रव्यं पुढे आणली. चिनी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट आजही मोठ्या अभिमानानं सांगतात.

आमच्या विषयातल्या लोकांना ही गोष्ट वाचताना न्यायशास्त्र आठवल्याशिवाय राहणार नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे ठीक नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी इंधन ओलं लागतं. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘जिथे मेंदूज्वर तिथे पांढरा वाघ’ या अनुमानातही एक उपाधी दडलेली होती, असं पू फूझोउ म्हणत होते. योगायोगानं तीही ओलीशीच संबंधित!

पण आता दुसरी बाजू. उपाधी शोधणं हे फार सोपं काम आहे, विशेषतः फजिती झाल्यावर. काढा लागू पडला तर काढ्याचं श्रेय, नाही पडला तर पावसाचा दोष. असा हिशोब ठेवला तर काढा कधीच हरणार नाही. पू फूझोउ यांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की कोणाला हा काढा देऊ नये याची कुंपणं फार पूर्वीच घातलेली होती, आणि दमट उन्हाळ्यातले ताप वेगळे हाताळावेत हेही वैद्यांनी आधी लिहून ठेवलं होतं. सबब ऐनवेळी रचलेली नव्हती. परंतु निम्म्या मुलांना एक काढा, निम्म्यांना दुसरा, आणि कोणाला कोणता हे चिठ्ठ्या टाकून, असं कोणी केलं नाही. ही पद्धत अज्ञात होती असं नाही; स्ट्रेप्टोमायसिनची तशी चाचणी ब्रिटनमध्ये 1948 सालीच प्रसिद्ध झाली होती. आणि वातावरणही विसरू नका. पारंपरिक वैद्यांना तुच्छ लेखलं या ठपक्यावरून आरोग्य खात्यातले वरिष्ठ नुकतेच पदावरून गेले होते. अशा वेळी ‘काढ्यानं फरक पडला की नाही ते सांगता येत नाही’ असा अहवाल लिहायला कोण धजावणार? आमचं मत विचाराल तर शिजियाझुआंगमध्ये किती मुलं काढ्यामुळे वाचली, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. ग्वो कमिंग यांच्या निष्ठेबद्दल मात्र आम्हाला शंका नाही.

या रोगाला चीनमध्ये मोठी वेसण बसली ती लशीनं. ‘एसए 14-14-2’ या क्षीण केलेल्या विषाणूची लस तिथे 1988 साली मंजूर झाली. आणि आता आपल्याकडचा धागा. भारतात हा रोग माणसांमध्ये प्रथम ओळखला गेला तो 1955 साली, वेल्लोरच्या भागात. म्हणजे शिजियाझुआंगमध्ये काढे उकळत होते त्याच वर्षी. पुढे पुण्याच्या विषाणू संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालं. 2005 साली गोरखपूर भागात शेकडो मुलं दगावली, आणि 2006 पासून आपल्या सरकारनं मुलांना लस टोचायला सुरुवात केली. ती लस होती हीच, चीनमधल्या चेंगदूत बनलेली.

वेळ होत आला आहे. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. प्रश्न असा: ‘आयुर्वेदातली गोदंती म्हणजे जिप्समच ना? मग दोन्हींचं औषध एकच म्हणायचं का?’

चांगला प्रश्न आहे. होय, गोदंती म्हणजे जिप्सम, आणि आपले वैद्यही गोदंती भस्म तापात देतात. पण चिनी वैद्य पोटात देतात तो दगड कच्चा. भाजलेलं जिप्सम ते जखमेवर भुरभुरतात. मघाशी उल्लेख केला त्या झांग शीछुननं तर भाजलेलं जिप्सम पोटात देऊ नका म्हणून पोटतिडकीनं लिहिलं आहे. आपण मात्र दगडाला पुट देऊन, भस्म करूनच देतो. म्हणजे एका शास्त्रात जे निषिद्ध ते दुसऱ्यात विहित. यात चूक कोणाची? कदाचित कोणाचीच नाही. जिप्सम मंद आचेवर भाजलं, साधारण दीडशे अंशांवर, तर त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, आपल्या गणपतीच्या मूर्तींचं. ते पाणी लागलं की दगडासारखं घट्ट बसतं, आणि पोटात तसं होऊ नये ही भीती रास्त आहे. पण तेच पुष्कळ जास्त आचेवर भाजत ठेवलं तर त्याचा हा गुण मरतो, मग ते घट्ट होत नाही. तेव्हा ‘भाजलेलं जिप्सम’ या एका शब्दात निदान दोन वेगळे पदार्थ आहेत. झांग शीछुनच्या समोर त्यांतला कोणता होता आणि आपल्या भस्मात कोणता असतो, हे आधी विचारावं लागेल.

दुसरी चिठ्ठी तांदळाच्या जातीबद्दल आहे. चिकट तांदूळ नव्हे, साधा. पेज होणारा. थांबतो इथे.